पाण्याचा कुकर

मोहिनीला मी साक्षात अन्नपूर्णा समजत होते. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं. सातपूरला आमच्या समोरच्या खोल्यांत ती राहायला आली तेव्हापासून रोज दिवेलागणीला तिच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. एक दिवस चुकायची नाही. दिवसभर कंपनीच्या कँटीनला पोळ्या लाटून आलेली बाई, आणि घरी येऊन पुन्हा सगळा स्वयंपाक. मी आमच्या ह्यांच्यापुढे तिचं इतकं कौतुक केलं की ते म्हणाले, "मग तूही लाव की रोज वेळेवर कुकर." त्यांना बोलायला काय जातंय.

एकदा ऐन जेवणाच्या वेळी आमच्याकडे पाहुणा टपकला आणि वरण कमी पडलं. वाटी घेऊन मोहिनीकडे गेले. ती मागे दोरीवरचे कपडे काढत होती. कुकर उतरवून ठेवलेला होता. म्हटलं, हिला कशाला हाक मारा, घ्यावं आपल्या हातानं. झाकण काढलं तर आत नुसतं पाणी. ना डाळ, ना तांदूळ, ना एखादा बटाटा. मागे वळले तर मोहिनी कपड्यांचा ढीग घेऊन दारात उभी, चोरी पकडल्यासारखी.

"काकू, कुणाला सांगू नका हं."

"अगं, काय सांगू? मोहिनीनं पाणी शिजवलं म्हणून?"

ती हसली नाही. तेव्हा मला कळलं की हे काही साधं नाही.

तर झालं होतं असं. तिची सासू धोंडाबाई पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे एका खेड्यात राहते. तिचा रोज तिन्हीसांजेला फोन. म्हातारीचं म्हणणं एकच, दिवे लागले की घरात चूल पेटलीच पाहिजे. गार चूल फक्त ज्या घरातलं माणूस गेलंय त्या घरात असते. त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न, "चूल पेटवली का गं?" आणि मोहिनीला तोंडावर खोटं बोलवत नाही. म्हणून फोन यायच्या सुमारास ती कुकरात तांब्याभर पाणी घालून गॅसवर ठेवायची आणि शिट्टी झाली की फोन जरा पुढे धरायची. "कुकर लावलाय, आत्या." शब्द खरा, शिट्टीही खरी. त्याच गरम पाण्यानं नंतर तेलकट भांडी घासायची, म्हणजे गॅस वाया घालवला असंही कुणी म्हणायला नको.

मग हे दोघं जेवायचे काय? तर ताटली. चुरमुरे-फरसाणाचा भत्ता, त्यावर बारीक कांदा, बाजूला काकडी, भाजके दाणे, मोड आलेली मटकी, लसणाची चटणी, एखादा भाजलेला पापड. पेरू मिळाला तर पेरू, द्राक्षं निघाली की द्राक्षं. शेवटी ताक. तिचा नवरा गोरक्ष एका वर्कशॉपात लेथवर असतो. तो आला की हातपाय धुऊन मांडी घालायचा आणि स्वतःच भत्ता कालवायचा. गडी एकदम खूश.

पण ही बया प्रत्येक घासाला त्याच्या तोंडाकडे बघायची.

"काकू, हे हडकलेत का हो?"

"अगं, त्याच्या शर्टाचं खालचं बटण लागत नाही."

"सूज असेल ती."

काय बोलायचं हिच्यापुढे? म्हणायची, "कंपनीतल्या परक्या पोरांना गरम पोळी वाढते आणि माझ्या माणसापुढे कोरडं ठेवते. पण घरी आल्यावर पोळपाट नुसता दिसला तरी खांदा ठणकायला लागतो." एकदा गोरक्षला ताप आला, तर हिनं तो सगळा भत्त्याच्या नावावर मांडला. वरण, भात, भाजी, भाकरी, सगळं केलं, डोळे पुसत पुसत केलं. बरा झाल्यावर त्यानं विचारलं काय, तर "आज भत्ता नाही का?" त्याचंही हिला वाईट वाटलं. म्हणे, बिचाऱ्याला सवयच राहिली नाही घरच्या अन्नाची.

सासू बाजरीचं पीठ पाठवायची. बाजरीचं पीठ फार दिवस टिकत नाही, म्हणून कडू व्हायच्या आत ते माझ्याकडे यायचं. भाकरी आमच्या पोटात आणि पाप तिच्या डोक्यावर.

धोंडाबाईला मी ओळखत होते. नवरात्रात ती इथे राहिली होती. जेवायला बसली की आधी ताटाशेजारी घास काढून ठेवायची, हात जोडायची, मग तोंडात घालायची. एकदा मी तिला पोहे दिले तर तशीच खायला लागली. मी आपली खोडी काढली, "आज घास नाही का काढला?" तर म्हणाली, "पोह्याला कोण काढतं, बाई? घास जेवणाला आसतो."

मागच्या आठवड्यात मी मोहिनीकडेच होते. गोरक्ष जेवायला बसला होता, माझ्याही मांडीवर ताटली. कुकरची शिट्टी झाली, पण फोन काही आला नाही. मोहिनी घाबरली, "आत्यांना बरं नसेल का?" तेवढ्यात दार वाजलं. दारात आत्याच. कांद्याच्या टेम्पोत बसून आलेली, काखेत पिठाची पिशवी.

"शिट्टी झाली वाटतं," पिशवी टेकवत ती म्हणाली. "बरं झालं. लय भूक लागली हाय. वाढ."

गोरक्षनं एकदम काकडीत लक्ष घातलं. मी चुरमुरे निवडायला लागले, जसे काही त्यात खडे होते. मोहिनीनं चिमट्यानं शिट्टी उचलून वाफ सोडली, झाकण काढलं आणि कुकर उचलून सासूपुढे ठेवला.

"पाणी आहे यात, आत्या. रोज पाणीच असतं."

धोंडाबाईनं वाकून बघितलं. पळी घेऊन ढवळलंसुद्धा, तळाशी काही बसलं असेल म्हणून.

"आन मी रोज हीच शिट्टी ऐकत व्हते?"

"हो."

"आन लेक जेवला म्हणून सुखानं निजत व्हते."

मोहिनी म्हणाली, "थांबा, भाकरी टाकते," आणि परात काढायला उजवा हात वर नेला. तो अर्ध्यातच अडला. तिनं गुपचूप डावा लावला. म्हातारीनं ते पाहिलं.

"ठेव ती परात," धोंडाबाई म्हणाली. "आण, ते काय खाता ते. पण सांगून ठेवते, हे जेवण नाय. हे आपलं येताजाता तोंडात टाकायचं."

"पोट भरतं, आत्या." मोहिनीला उलट बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"पोट पाण्यानं बी भरतं. तुझ्या कुकरातल्या."

मला ठसका लागला. गोरक्षनं पाणी दिलं आणि हळूच म्हणाला, "आई, खाऊन तर बघ."

"खाते की. पर जेवण नाय ते नाय."

मोहिनीनं ताटली आणि ताकासाठी वाटी पुढे ठेवली. म्हातारीनं पदर खोचला, चिमूटभर भत्ता उचलून ताटलीशेजारी फरशीवर ठेवला, डोळे मिटले, हात जोडले. मोहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. पहिला घास सासूच्या पोटात जाईपर्यंत ती थांबली.

"आत्या, घास काढलात."

"मग?"

"पोह्याला काढत नाही तुम्ही. जेवणालाच काढता."

धोंडाबाईनं त्या चिमूटभर भत्त्याकडे पाहिलं. काढलेला घास काही परत उचलता येत नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, मी काही मदत करते का म्हणून. मी म्हटलं, "मलाही तुम्ही हेच सांगितलं होतं."

म्हातारी बराच वेळ चावत राहिली. मग तिनं वाटी मोहिनीकडे सरकवली.

"ताक वाढ की मग. ताकाबिगर कसलं जेवण?"