खालचं दाखव

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं, ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते मला कधी नीट कळलं नाही, आणि अक्षर ओळ सोडून वर-खाली पळतं. चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच. तरी लिहायला बसले आहे. नातालबाय जाऊन महिना झाला, तिच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, वसईच्या पाचूबंदरला गेले होते. मिसा झाल्यावर अंगणात सगळे तिच्याबद्दल चांगलंच बोलत होते. चांगली होतीच ती. पण तिला ते ऐकून राग आला असता. ती आम्हाला कायम सांगायची, "वरचं मना नको. खालचं दाखव." टोपलीत वर ताजी मासळी रचतात आणि नरम पडलेली खाली दडवतात, त्यावरून आलेलं हे तिचं बोलणं. वरचं सगळ्यांनी दाखवलं. मी खालचंही लिहिते.

नातालबाय ख्रिस्ती कोळ्यांची. नाताळात जन्मली म्हणून नाताल. तरुण वयापासून विरारच्या इमारतींमधून मासळी विकत फिरायची. दारात बसून मासळी कापताना घरातल्या बायका विचारायच्या, मावशी, धुण्याभांड्याला कुणी मिळेल का, सासूबाईंजवळ बसायला कुणी आहे का. आधी ती ओळखीने सांगायची. मग गुडघे गेले, टोपली सुटली आणि तोच तिचा धंदा झाला. बायका कामाला लावून द्यायच्या आणि घरवाल्यांकडून अर्ध्या पगाराएवढं कमिशन घ्यायचं. मी चंदनसारला हेच करते. आमच्यासारख्या आणखी पाच-सहा जणी विरार-नालासोपाऱ्यात आहेत.

माझी आणि तिची पहिली भेट बोळिंजच्या एका दारात झाली. घरवाल्यांनी दोघींनाही एकाच दिवशी बोलावलं होतं. ती तिची बाई घेऊन आलेली, मी माझी. मला भांडता येत नाही. मी लगेच मागे फिरले. तिने माझा दंड धरला आणि घरातल्या बाईंना खणखणीत आवाजात विचारलं, "बाय, जरा तुमच्या बाथरूमला जाऊन येऊ काय?" बाई गोंधळल्या. म्हणाल्या, आतलं आमच्या घरचं आहे, खाली सोसायटीचं आहे, तिथे जा. नातालबायने हसून नमस्कार केला आणि आम्हा तिघींना घेऊन जिना उतरली. मला वाटलं हिला खरंच घाई आहे. खाली आल्यावर म्हणाली, "वाचलो आपन. जी मना दोन मिनिटं आत सोडत नाय, ती हिला बारा तास काय सोडल?"

हा तिचा नेम होता. नवीन घर आलं की पगार, सुट्टी, जेवण सगळं नंतर, आधी बाथरूम. काही लोक तिला हसायचे. आमच्यातली मंगल तर तिला तोंडावर म्हणायची, "बाय, तुला विरारमधल्या सगळ्या टाइल्सची डिझाइनं पाठ असतील." नातालबाय म्हणायची, "हाय पाठ. तुला घर बांधायचं असल तर सांग." नवीन बाई कामाला आली की तिचा हात अंगठ्याने दाबून बघायची, पापलेट दाबतात तसा. म्हणायची, हाड दिसतंय हिचं, हिला आधी जेवण मिळणारं घर बघा.

आम्ही सगळ्या आधी एकमेकींच्या वैरिणी होतो. मंगल माझ्या बायकांना सोसायटीच्या गेटवर गाठून पाचशे जास्त सांगायची आणि पळवायची. नातालबायने आम्हाला एकत्र बसवलं. महिन्यातून एकदा दुपारी, मासळीबाजार धुऊन झाला की त्या ओल्या ओट्यांवर. एकीकडे बाई असेल आणि दुसरीकडे घर, तर जुळवायचं आणि कमिशन वाटून घ्यायचं. पण त्याआधी प्रत्येकीने महिन्यातली आपली चूक सांगायची, हा तिचा नियम. चांगलं काय केलं ते तिला नकोच असायचं.

सुरुवातीला कुणी बोलेना. मग मंगलच बोलली. तिने एका बाईला चार माणसांचा स्वयंपाक सांगून पाठवलं होतं आणि घरात निघाली अकरा. बाई दुसऱ्या दिवशी लाटणं घेऊनच मंगलच्या दारात उभी राहिली. आम्ही खूप हसलो. नातालबायने विचारलं, मग आता काय करायचं? कुणीतरी म्हणालं, आत जायच्या आधी दाराबाहेरच्या चपला बघायच्या. तेव्हापासून आम्ही सगळ्या चपला बघतो. अशा बऱ्याच गोष्टी आम्ही त्या ओट्यांवर शिकलो, आणि सगळ्या कुणाच्या तरी चुकीतून.

मी मात्र कधी तोंड उघडलं नाही. चुका नव्हत्या असं नाही, चारचौघांत माझी जीभच उचलत नाही. नातालबाय मला मुकीबाय म्हणायची. म्हणायची, हिची टोपली कायम झाकलेली.

सुनंदा माझ्या चाळीत दोन खोल्या सोडून राहते. नवरा नाही, दोन मुलं शाळेत. तिला काम हवं होतं आणि माझ्याकडे तेव्हा घर नव्हतं. म्हणून मी तिचं नाव नातालबायला दिलं. तिने बोळिंजलाच एका नव्या टॉवरमध्ये लावून दिलं. अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्या बाईंचं सगळं करायचं, सकाळी आठ ते रात्री आठ. पगार चांगला होता. मी निर्धास्त होते, कारण घर नातालबायने बघितलेलं होतं.

पावसाळा संपता संपता सुनंदाला थंडी वाजून ताप आला. दुसऱ्या दिवशी कमरेत कळा, उभं राहता येईना. दवाखान्यात दाखल करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, लघवी अडवून अडवून मूत्रपिंडाला सूज आली आहे. ही बाई पाणी पीत नाही का? मी तिच्या खाटेजवळ बसले होते. तिने तोंड भिंतीकडे केलं आणि सांगितलं. त्या घरात आतलं वापरायचं नव्हतं. खाली गेटजवळ वॉचमन लोकांचं होतं, त्याला कडी नव्हती. आजींना एकटं टाकून सारखं खाली जाता यायचं नाही. म्हणून ती घरून निघाली की पाणी प्यायचीच नाही.

मी म्हटलं, अगं, नातालबायला सांगायचंस.

"सांगितलं ताई. त्या म्हणाल्या, घर चांगलं आहे, जरा सांभाळून घे."

दवाखान्याचं बिल सुनंदाने बचत गटातून उचलून भरलं. तिच्या मुलांना डबा मी दिला, पण माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. नातालबायने केलं होतं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपापली चूक सांगितली. नातालबायने आपली सांगितली ती काहीतरी फुटकळ, फोन नंबर चुकीचा दिला वगैरे. मग ती उठायला लागली. मी बसूनच म्हटलं, "बाय, आज तुमचं खालचं दाखवा."

माझा आवाज ऐकून सगळ्यांनी माना वळवल्या. ती पुन्हा बसली. आधी हसायला गेली, पण हसू आलं नाही. मग ओट्याकडे बघत बोलली.

"त्या घरात मी विचारलंच नाय. मी टोपली घेऊन फिरायची तेवा अख्ख्या विरारात एकच दार होतं. मी जिन्यात अडून उभी होते, घामाघूम, आन वहिनी सोताहून बोलली, नाताल, आत जाऊन ये आधी, मासळी मग बघू. त्या दिवसापासून मी सगळ्यांना विचारायला लागले. त्याच वहिनीच्या घराला परत काय विचारू? वहिनी म्हंजे सुनंदा बघायची ती आजी, आता टॉवरात पडून हाय, वाचा गेली. घर सुनेचं झालं, मना कळलं नाय. सुनंदा सांगायला आली तेवा कळलं. पन ती सुटली तर वहिनीला कोन उचलनार, ह्या विचारात मी तिला परत पाठवली."

तिने पदराने ओटा पुसला, तो आधीच स्वच्छ होता, आणि म्हणाली, सुनंदाचं बिल मी भरीन. आपल्यातल्या कुणी एक रुपया काढायचा नाय. आणि निघून गेली.

पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही. मंगल मला म्हणाली, "मुकी बोलली आणि बाजार उठवला." ती चिडवायला म्हणाली, पण मला लागलं. नातालबायला एकटीला गाठून विचारता आलं असतं. मी चारचौघांत का विचारलं? नियम तिचाच होता, असं मी मनाला समजावते. आणि लगेच तिचा तो पुसणारा हात डोळ्यांसमोर येतो.

मधे त्या घरच्या सूनबाईंचा मला फोन आला. कुणीतरी नंबर दिला होता. दुसरी बाई पाहिजे म्हणाल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने विचारलं, तिला आतलं बाथरूम वापरू द्याल का? त्या म्हणाल्या, "मावशी, खाली स्टाफसाठी आहे ना. आम्ही आत्ताच सगळं नवीन करून घेतलंय." मी नाही म्हटलं. आमच्यातल्या सगळ्याच नाही म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्या न बोलणाऱ्या आजी माझ्या मनात आल्या. त्यांना आता कोण कुशीवर वळवणार?

ते मला मंगलकडून कळलं. नातालबाय स्वतः जात होती. ज्या घरी माणसं लावायची तिथे स्वतः बाई म्हणून लागली होती, तेही त्या गुडघ्यांनी. दर महिन्याला पगार झाला की घरखर्चापुरतं ठेवून बाकीचे ती मंगलच्या हाती द्यायची, मंगल मला, आणि मी सुनंदाला. माझ्याशी ती बोलत नव्हती. मंगलनेच एकदा तिला विचारलं होतं की तुझं बाथरूमचं काय. तर म्हणाली, "रोज सकाळी विचारते. ती रोज खाली पाठवते. विचारल्याबिगर मी कामाला हात लावत नाय." सुनेने तिला काढलं नाही, कारण आजींना तिच्याइतकं कुणी नीट बघत नव्हतं. पण उत्तरही बदललं नाही. खालच्या दाराला मात्र नातालबायने स्वतःच्या पैशाने सुतार लावून कडी बसवली. वॉचमन तिला आई म्हणायला लागले.

सुनंदा पैसे घ्यायची आणि डब्यात ठेवायची. एका शब्दाने काही विचारायची नाही. मी एकदा म्हटलं, तिला पस्तावा होतोय गं. ती म्हणाली, "मला पण कळा येत होत्या, ताई." तिचं खरंच होतं.

आजी गेल्या. नातालबायचा पगार थांबला. थोडेसे द्यायचे राहिले होते. मंगल म्हणाली, आपण घालून टाकू, तिला सांगायचं नाही. पण तिने आधीच निरोप धाडला होता की कुणी मधे हात घालू नका. पाचूबंदरला सुकट निवडायला बसून तिने उरलेले जमवले.

आणि मग एका दुपारी ती स्वतःच चंदनसारला आमच्या चाळीत आली. किती वाळली होती. रिक्षातून उतरताना माझ्या खांद्यावर तिने हात ठेवला, एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदा. म्हणाली, "मुकीबाय, सुनंदा कुठची खोली?" मी दाखवली.

सुनंदा दारात भाजी निवडत होती. उठली नाही. नातालबायने रुमालात बांधलेले पैसे तिच्या पुढे धरले आणि म्हणाली, मोजून घे. सुनंदाने खरंच मोजले, सावकाश, नोटा सरळ करत. नातालबाय भिंतीला टेकून उभी होती. तिने माफी मागितली नाही. मला वाटलं मागेल. मोजणं होईपर्यंत ती थांबली आणि मग अगदी हळू, कधी नव्हे त्या आवाजात म्हणाली, "बाय, जरा जाऊन येऊ काय?"

आमच्या चाळीचा संडास सामाईक आहे, टोकाला. किल्ली सुनंदाच्या दारामागच्या खिळ्यावर असते. सुनंदाने तिच्याकडे पाहिलं. मग तिने भाजीचं ताट बाजूला सरकवलं, किल्ली काढली, पिंपातून बादली भरली. बादली एका हातात घेतली आणि दुसऱ्या हाताने नातालबायचं कोपर धरलं. दोघी चाळीच्या टोकाकडे निघाल्या. नातालबायचं पाऊल लहान पडत होतं, आणि सुनंदा तिच्याच चालीने चालत होती.

ती आत असेपर्यंत सुनंदा बाहेर दाराला पाठ लावून उभी राहिली. मग तिला परत आणून खोलीत बसवलं, पाणी दिलं. नातालबायने पेला पूर्ण संपवला.

ती गेल्यावर सुनंदाने नोटा डब्यात टाकल्या, झाकण लावलं आणि मला म्हणाली, "पूर्ण आले, ताई. आता बाकी काही नाही."