तिसरा ठोका

लॉन्ड्रीच्या बॉयलरवर एकोणीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे ठोक्या म्हणायचे, कारण त्याची बोटं कधी स्वस्थ बसायचीच नाहीत. ड्रम शिकला तो साबणाच्या पालथ्या डब्यांवर. स्वरलिपी वगैरे त्याच्या बापानंही पाहिली नव्हती. तरी चाळिशी उलटल्यावर एका प्रोग्रेसिव्ह रॉक बँडनं त्याला ड्रमवर बसवलं.

त्याची थोरली बहीण त्याच लॉन्ड्रीत, बॉयलरच्या भिंतीला पाठ लावून इस्त्रीचं मशीन चालवायची. "तू आहेस म्हणून या भिंतीकडे पाठ करते," ती म्हणायची, "नाहीतर मला काय हौस आलीय?"

रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यानं रजा टाकली. सकाळी तो बदली फायरमनच्या, म्हणजे त्या दिवसापुरता बॉयलर सांभाळणाऱ्याच्या, हाती बॉयलर देत असताना ताईनं टोमणा हाणला, "जा बाबा, मोठा हो. सह्या देताना बहिणीला ओळख तेवढी दे." हसण्याच्या नादातच तो निघाला.

अल्बमभर एकच गोष्ट होती : काहीतरी येतंय एवढं कळून रिकामं होत जाणारं शहर. पाचव्या गाण्यानंतर शब्द संपायचे आणि नुसती वाद्यं उरायची.

"काही ठरवायचं नाही," गिटारवाला म्हणाला. "लोक पळतायत एवढं डोक्यात ठेवा अन् सुटा."

लाल दिवा लागला. ठोक्याचे हात आपसूक चालू झाले. दोन ठोके भरीव, तिसरा पोकळ. पुन्हा दोन भरीव, तिसरा पोकळ. गिटार त्याच्याभोवती दबकत फिरली. सात मिनिटांनी सगळे थांबले.

"कुठून काढलंस रे हे?" रेकॉर्डिस्टनं विचारलं. "काटा आला अंगावर."

"आलं हाताला."

रेकॉर्डिस्टनं वाजवलेलं परत लावलं. ऐकता ऐकता ठोक्याच्या तोंडचं पाणी पळालं. ही लय त्याची नव्हतीच. बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या पंपाची होती. एरवी त्याचे तिन्ही ठोके भरीव पडत. तिसरा पोकळ पडतोय म्हणजे पंप पाण्याऐवजी हवा ओढतोय, बॉयलर आतून कोरडा पडतोय. सकाळी हसता हसता कानांनी सोडून दिलं होतं, ते हातांनी धरून ठेवलं होतं.

त्यानं लॉन्ड्रीत फोन लावला. ताईनंच उचलला.

"काय रे, झालास प्रसिद्ध?"

"ताई, बदलीवाला कुठंय?"

"हा काय समोर. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचनळीत पाणी दिसेना म्हणून डोकं खाजवतोय."

"त्याला सांग, आधी आग बंद कर. पाणी अजिबात सोडायचं नाही! तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर बॉयलर फाटेल."

ती तिकडे ओरडली. बर्नरची घरघर थांबली. ठोक्यानं घाम पुसला.

"केली बंद," ताई म्हणाली. "तो विचारतोय, त्याआधी जरासं पाणी सोडलंय, चालेल ना?"

"ताई, फोन टाक! सगळ्यांना घे अन् पळ!"

रिसीव्हर इस्त्रीच्या मशीनवर आदळला, पण फोन चालूच राहिला. मशीनपासून दारापर्यंत बावीस पावलं, हे त्याला पाठ होतं. चपलांची फटफट दूर जात होती. तो मोजत राहिला. भिंतीतून शिट्टीसारखा बारीक आवाज सुरू झाला आणि चढत गेला. एकविसाव्या पावलावर लोखंडी दार करकरलं.

मग फोनमधलं सगळंच बंद झालं.