हिरामण विमानात कसा आला?

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायको होती तोवर तर प्रश्नच नव्हता, कारण यातलं अर्धंच तिला ठाऊक होतं. आता ती नाही, माझंही वय झालं. या सदरात लोक आपापले अनुभव मोकळेपणानं लिहितात ते वाचून वाटलं, आपणही एकदा सगळं सरळ सांगून टाकावं. मग कुणी काय म्हणायचं ते म्हणो.

भूतखेत, लागीर, करणी – यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. केमिस्ट्री शिकलेला माणूस मी. पालघरला आमच्या आळीत कुणी अमक्या चिंचेखाली थांबू नका म्हटलं की मी मुद्दाम तिथेच सिगरेट पेटवायचो. आजही विश्वास आहे असं म्हणवत नाही. पण जे झालं ते झालं...

ऐंशीच्या दशकात मी तारापूरच्या एमआयडीसीत एका लहानशा केमिकल कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होतो. पालघरहून शटलने बोईसर, पुढे टेम्पो. कारखान्यात सॉल्व्हंटचे ड्रम रचलेले असायचे. ठिणगी पडली तर खेळ खलास. म्हणून गेटवरचा वॉचमन प्रत्येकाची विडी-काडी काढून घ्यायचा, एका पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि सुटताना परत द्यायचा. साहेबांचे खिसे मात्र तो कधी तपासत नसे.

हिरामण माझ्या शिफ्टला हेल्पर होता. दांडी गावचा, मच्छीमार घरातला. आधी भावाच्या बोटीवर जायचा, विडीची सवय तिथलीच. कारखान्यात विडी नाही म्हटल्यावर त्याने मशेरी धरली. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड. आमच्याकडे ती बायका दातांना लावतात. हिरामणची आई त्याला भाजून द्यायची. तलफ आली की तो खिशातून छोटी डबी काढायचा आणि बोटानं हिरड्यांवर फिरवायचा. बाकीचे त्याला 'हिराबाई' म्हणायचे, कपाळाला कुंकू कधी लावतेस म्हणून विचारायचे. तो काळे दात दाखवून त्यांच्याबरोबर हसायचा.

मलाही एकदा त्याने डबी पुढे केली होती. "सायेब, लावून बगा. बायकांची वस्तू हाय, पन येळ निभावते. काडी नको, धूर नको."

मला ते कमीपणाचं वाटलं. बी.एस्सी. झालेल्या माणसानं मशेरी लावायची? माझी सिगरेट आणि काडीपेटी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून आत यायची. दुपारी जेवणानंतर शेडच्या मागे, ड्रमच्या आडोशाला मी दोन-चार झुरके मारायचो. शिफ्ट इन्चार्जला विचारणारं कोण?

एका दुपारी मी काडी विझवून टाकली आणि आत आलो. ती विझली नव्हती. पुसायच्या चिंध्यांचा ढीग तिथे पडला होता. मी ऑफिसात पोचतो न पोचतो तोच मागून भपकन आवाज झाला.

आम्ही वाळूच्या बादल्या घेऊन धावलो. पण सगळ्यांच्या आधी हिरामण पोचला होता. जवळचे दोन ड्रम त्याने उघड्या हातांनी ओढून बाजूला काढले. त्यानं ते केलं नसतं तर त्या शिफ्टमधलं कुणी आज हे वाचायला उरलं नसतं, मीही नाही. त्याच्या तळहातांची कातडी ड्रमला चिकटून राहिली.

दोन दिवसांनी मॅनेजरनं चौकशी केली. हिरामण हातांना मनगटापर्यंत पट्ट्या गुंडाळून बाहेर बाकावर बसला होता. त्याच्या खिशात मशेरीची डबी सापडली होती आणि आगीजवळ पहिला तोच दिसला होता. मॅनेजरला मशेरी आणि विडी यातला फरक ठाऊक नव्हता, तो परप्रांतातला. त्यानं हिरामणला विचारलं तेव्हा हिरामण एवढंच म्हणाला की माझं सगळं साहेबांना ठावं हाय, त्यांना इचारा.

मला एकट्याला आत बोलावलं. मॅनेजरनं विचारलं, हा माणूस तंबाखू वापरतो का?

मी म्हणालो, "हो. तंबाखूची सवय आहे त्याला."

एवढंच. एक शब्द खोटा नव्हता त्यात. मी बाहेर आलो तर हिरामण बाकावरून उठून उभा राहिला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "मी बोललोय त्यांच्याशी." तेही खरंच होतं. संध्याकाळी त्याला कामावरून काढलं.

बोईसरहून दांडी ती किती लांब? मी कधी गेलो नाही. सिगरेट मात्र वाढली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं अमेरिकेला निघालो. आयुष्यातला पहिला विमानप्रवास. श्रावण होता. तोवर लांबच्या विमानांत सिगरेटवर पूर्ण बंदी आली होती आणि त्या एका गोष्टीनं माझी झोप उडाली होती. ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं – भरपूर पाणी प्या, काहीतरी चघळत राहा, हात गुंतवून ठेवा. बायकोनं लवंगा, बडीशेप, सुपारी अशा पुड्या बांधून घेतल्या. अर्ध्या वाटेवर विमान उतरेल तेव्हा एक ओढून घेऊ, या आशेवर मी होतो. पण विमान उतरलं आणि आम्हाला बाहेर पडूच दिलं नाही.

पुढच्या टप्प्यात माझे हाल सुरू झाले. लवंगांनी जीभ सोलवटली. बोटं आपोआप खिशाकडे जायची. बायकोनं कूस बदलली तरी राग यायचा. शेवटी उठून मी विमानाच्या मागच्या टोकाला गेलो. तिथे एक गुजराती गृहस्थ न पेटवलेली सिगरेट नाकाशी धरून उभे होते. मला बघून ओशाळवाणे हसले आणि हिंदीत म्हणाले, "बस, सूंघ रहा हूँ. आप भी?" आम्ही दोघं थोडा वेळ आळीपाळीनं ती सिगरेट हुंगत उभे राहिलो. आज हसू येतं. तेव्हा मला रडू यायच्या बेतात होतं.

माझ्या मोज्यात एक सिगरेट होती आणि खिशात काडीपेटी. विमानातल्या संडासात ओढायची नाही, अशी पाटी दारावरच होती. मी आत गेलो आणि कडी लावली.

विमानाबाहेर लख्ख ऊन होतं, पण लोकांनी खिडक्यांची झापडं ओढून झोप काढायला घेतली होती. सगळीकडे सामसूम. मी सिगरेट ओठात धरली, काडी काढली. आणि वास आला.

सॉल्व्हंटचा वास. गोडसर, नाकाच्या आत चढणारा. इतकी वर्षं त्यात काढली, तो मी झोपेतही ओळखला असता. त्याच्यामागून भाजलेल्या तंबाखूचा ठसका.

मी काडीपेटी तशीच धरून राहिलो. मनाला म्हटलं, तलफेनं डोकं फिरलंय. तेवढ्यात दारावर थाप पडली. टकटक नव्हे – काहीतरी मऊ, गुंडाळलेलं दारावर आपटल्यासारखी, दबकी.

मी इंग्रजीत सांगितलं की आत माणूस आहे.

"सायेब, काडी नका ओडू."

दारापलीकडून, अगदी जवळून. आवाज चढलेला नव्हता. शिफ्टला काहीतरी आठवण करून द्यावी तसा.

कमोडचं झाकण पाडून मी त्यावर बसलो. पुन्हा ती मऊ थाप. पुन्हा तोच आवाज – "माज्याकडं काडी नाय, सायेब. बगा ना खिसं. मशेरी हाय नुसती."

बाहेर पडायला म्हणून मी दाराला हात लावला आणि चटका बसला. दार तापलं होतं. उन्हाळ्यात शेडचा पत्रा तापतो तसं. मला वाटलं, बाहेर आग लागली आहे, सगळं विमान पेटलंय, माझी बायको तिकडे झोपली आहे... ओरडायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. तोंडात काहीतरी कडू, जळजळीत भरलं होतं. किती वेळ असा होतो, कळलं नाही. मग एकदम वास गेला. मी कडी सरकवली. दार थंडगार होतं.

बाहेर आग नव्हती, धूर नव्हता. लोक झोपले होते. ते गुजराती गृहस्थ तिथेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे काळजीनं बघितलं आणि विचारलं, "आपके साथवाले भाई अभी आगे गए. दोनों हाथ पे इतनी पट्टी... जल गए थे क्या?"

मी जागेवर आलो. बायको जागी झाली. माझा चेहरा बघून घाबरली, मग वाकून बघू लागली. म्हणाली, "अहो, मशेरी कुठून लावलीत? दात बघा कसे काळे झालेत." तिनं रुमाल ओला करून माझे ओठ पुसले. रुमालावर काळं आलं. मी तिला सांगितलं की मागच्या बाईंकडून घेतली, तलफ भागवायला. ती हसली. म्हणाली, अमेरिकेच्या वाटेवर कसलं शिकलात!

उरलेला प्रवास मी सीटचा हात घट्ट धरून काढला. मागे वळून बघायची हिंमत नव्हती, पुढे बघायचीही नव्हती, कारण ते गृहस्थ म्हणाले होते – आगे गए. सिगरेट त्या दिवसापासून सुटली. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. त्यानंतर काडी ओढणंच मला जमलं नाही.

दिवाळीनंतर परतलो. माझी खात्री झाली होती की हिरामण गेला असणार. दांडीची एस.टी. धरली. किनाऱ्यालगत बांबूंवर बोंबील वाळत होते. एका म्हाताऱ्या बाईला हिरामणचं घर विचारलं. तिनं हातानंच दाखवलं – त्या बोंबलांखाली बसून कावळे हाकणारा माणूस.

हिरामण जिवंत होता.

खरं सांगतो, विमानात घाबरलो नव्हतो इतका मी तेव्हा घाबरलो. मेलेला असता तर निदान काहीतरी अर्थ लागला असता. हा तर धडधाकट, टोपी सरळ करत माझ्याकडे येत होता. हाताला पट्टी कुठली असणार, वर्षं उलटून गेली होती. पण बोटं आत वळून आखडली होती, जाळ्याची दोरी धरल्यासारखी. ती उघडत नव्हती. बोटीवर तो पुन्हा कधी जाऊ शकला नव्हता.

मी आडून विचारलं, श्रावणात आजारी होतास का? तो म्हणाला, नाय वो, चांगला व्हतो, घरीच. मग विमानात कोण होतं? ती पट्टी कुणाची, मशेरी कुणाची? बुद्धीला पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. ते गृहस्थ मला पुन्हा कधी भेटले नाहीत.

हिरामणनं चहा करवला. मुलाला हाक मारली, त्याच्या खांद्यावर ती आखडलेली मूठ ठेवली आणि म्हणाला, "हे आमचं सायेब. त्या टायमाला माज्यासाठी आत जाऊन बोलले व्हते. एकटेच. मोट्या सायबांनी आयकलं नाय, त्याला हे काय करनार? पाया पड."

मुलगा वाकला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. चहा चांगला झालाय म्हणालो. आणि पाचची एस.टी. धरून परत आलो. पुढे दोन पावसाळ्यांनी बोईसरच्या बाजारात कुणीतरी सांगितलं, हिरामण गेला.

पालघरपासून दांडीपर्यंत एस.टी.त मी चार शब्द घोकत गेलो होतो. ते इथेच लिहून ठेवतो – हिरामण, ती काडी माझी होती. आत जाऊन मी तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी बोललो. मला माफ कर.