शेवटच्या हाताखालचं नाव

२०१९ साल. मी सदुसष्ट वर्षांचा. ठाण्यात रंगकामाचे ठेके घ्यायचो, हाताखाली चार माणसं. त्यातली एक शोभा. तेव्हा आम्ही सगळे तिला संदीप म्हणायचो, आणि तीही पुरुषासारखंच बोलायची. आता 'ती' लिहितोय तर हात अडखळतो. माझी शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण अडखळतो तो त्यामुळे नाही.

तिची एक सवय होती. रंग कालवताना डब्यातली काठी मध्येच थांबवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "थांबा काका, बाईला विचारतो." ओठ पुटपुटायचे. मग, "बाई म्हणते, पिवळा अजून थोडा." तेवढा टाकला की रंग असा जुळायचा, की चाळीस वर्षं रंगात घालवूनही मला खोट काढता यायची नाही. शाबासकी मात्र कधी दिली नाही. तो माझा स्वभाव नाही.

त्या चौघांतलाच बबन तिला डिवचायचा. "काय रे संदीप, तुझी बाई चहा घेते का?"

"घेते की. पण तुझ्या हातचा नाही. तू कप धूत नाहीस."

एकदा जेवताना मीच विचारलं, "ही बाई आहे तरी कोण? अंगात येते काय रे तुझ्या?"

"नाही हो काका," ती हसली. "विठ्ठलवाडीला आमची एकच खोली. बहिणीची ओढणी घेतली की बाप पट्ट्याने मारायचा. तेव्हा मनातल्या मनात एक बाई बसवली. नाव ठेवलं शोभा. वयाने मोठी, शांत, अंबाडा घातलेली. काही अडलं की तिला विचारायचं. ती सांगायची, रड नंतर, आधी जेवून घे." मग डब्याकडे बघत हळूच म्हणाली, "आता कळतंय, ती दुसरी कोणी नव्हती. मीच होते. मोठी झालेली."

मी म्हटलं, "भाकरी संपव. सीलिंग बाकी आहे." मला एवढंच सुचलं.

आमच्यात एक रीत आहे, माझ्या उस्तादापासूनची. इमारतीचं काम संपत आलं की शेवटच्या खोलीत दाराच्या वर प्रत्येकाने ब्रशने आपलं नाव लिहायचं. मग त्यावरून रंगाचा शेवटचा हात मारायचा. मालकाला दिसत नाही, पण भिंतीला माहीत असतं. बाळकुमच्या इमारतीचं काम तिथवर आलं तेव्हा ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, या वेळी शोभा लिहीन म्हणते. बाई म्हणाली, आधी काकांना सांग. तुम्ही हो म्हणालात तर बाकीचेही म्हणतील. नाहीतर मला इथे राहता यायचं नाही."

मी म्हटलं, "बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शिडीच्या घोड्यावर चढली आणि लिहिलं, शोभा. अक्षर सुरेख होतं तिचं. बबन फिदीफिदी हसला. "काय काका, आपल्यात बायका कधीपासून घ्यायला लागलात?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तीही. एक शब्द बोलायचा होता मला. पण वाटलं, चारचौघांत आपलंच हसं होतंय. मी रोलर उचलला आणि तेवढ्या एका नावावरून फिरवला. "खरं नाव लिही. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

रंग कालवताना मिटायची तसे तिने डोळे मिटले. "बाई म्हणते, एवढं पुरे." खाली उतरली. ब्रश धुतला, त्याचे केस सारखे केले, खिळ्याला अडकवला. "येते काका," म्हणाली. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, वळलो नाही.

फोन करायला पाहिजे होता, केला नाही. तिने करावा, असं वाटायचं मला! दोन वर्षांनी विठ्ठलवाडीला खोली शोधत गेलो, तर तिथे दुसरंच बिऱ्हाड होतं. कुठे गेली, कोणाला माहीत नव्हतं. म्हणून जे तिला कधी कळलं नाही, ते इथे सांगतो.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या तासभर आधी बाळकुमला पोचलो. खिळ्यावरचा तिचाच ब्रश घेतला, घोड्यावर चढलो आणि बाकीच्या नावांशेजारी शोभा लिहिलं. दोनच अक्षरं, पण 'भा' काही जमेना. पुसलं, परत लिहिलं. तेवढ्यात जिन्यात बबनची चप्पल वाजली, आणि तो आत यायच्या आधी मी घाईघाईने रोलर बुडवून त्यावरून शेवटचा हात मारून टाकला.