चपला काढून जायचा पब

दह्याचे रिकामे डबे आपल्याकडे टाकवत नाहीत आणि साठतच जातात. आमच्या मालिकेच्या किश्शांचंही तसंच! ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही मराठी मंडळाच्या हौशी लोकांनी गावच्या केबल चॅनेलवर मराठी मालिका काढली आणि ती संपायचं नावच घेईना. तिच्यात एक पब होता. एकूण एक पात्र तिथे येऊन रडायचं. पब म्हणजे गोडबोल्यांचं बेसमेंट.

*

मी डायलॉग लिहायचे आणि कॅमेराही धरायचे. पहिल्याच एपिसोडला खलनायक पिस्तूल घेऊन पबमध्ये घुसणार होता. जिन्यावर गोडबोले काकूंनी त्याला अडवलं.

"बूट वर काढ."

"काकू, मी खून करायला चाललोय!"

"मोज्यांत कर. पब तुमचा असला तरी कार्पेट माझं आहे."

तेव्हापासून गुंडांपासून पोलिसांपर्यंत सगळे पबमध्ये मोज्यांत! वेस्ट विंडसरच्या मंडळात एपिसोडची सीडी पोचल्यावर तिथल्या एका बाईंचा फोन आला, "तुमच्या पबमध्ये देव्हारापण असतो का हो?"

होताच कोपऱ्यात. तो फ्रेममधून वगळताना माझी मान धरायची.

*

व्हिस्की म्हणजे बिनदुधाचा चहा. बाटल्या मात्र खऱ्या हव्यात, हा आमच्या डायरेक्टरचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा हट्ट. याने स्वतः पब फक्त बाहेरून पाहिलेला! बाटल्या गोळा करायला विनयला पाठवलं. विनय नागपूरचा, आयटीतला, सुपारीचंही व्यसन नसलेला. मालिकेतला बेवडा तोच. रिसायकलिंगच्या डब्यात हात घालताना त्याला शेजारच्या गोऱ्या आजोबांनी पाहिलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, त्या रिकाम्या आहेत रे. घरी जा."

*

एकदा ब्रेकअपचा सीन. हीरो-हिरॉइन काउंटरपाशी ओक्साबोक्शी रडतायत आणि काकू ताटली घेऊन थेट फ्रेममध्ये!

"साबुदाणा वडे गार होतायत. आधी खा, मग काय तो ब्रेकअप करा."

हीरोने खाल्ले. रीटेकला वेळ नव्हता, तसंच दाखवलं. सगळ्यांना तोच एपिसोड आवडला. माझ्या चार पानी डायलॉगबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. अजून राग येतो!

*

खरा घोळ झाला विनयच्या लग्नाचा. सीड्या मंडळामंडळांत फिरल्या आणि त्याला स्थळं यायची बंद झाली. "मुलगा चांगला आहे, पण पितो." मोज्यांना हसणाऱ्यांना चहा मात्र दारू वाटला! "अहो, ॲक्टिंग आहे ती," असं त्याने एका ठिकाणी सांगून पाहिलं. उत्तर आलं, "तुमच्यात ॲक्टिंग कोणाला येते? बाकीच्यांची बघितलीय आम्ही."

बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटायचं, पण त्याचं पात्र मारायला नवरा तयार होईना.

शेवटी सिनसिनाटीची एक मुलगी भेटली. विनयला ती मनापासून आवडली, तिलाही तो. तिचे वडील, देशपांडे काका, चौकशीला एकटेच आले. हे हातचं गेलं तर संपलंच, म्हणून आम्ही त्यांना थेट बेसमेंटमध्ये नेलं, बाटल्या पुढे ठेवल्या, शपथा घेतल्या. "विनय थेंबसुद्धा घेत नाही हो!"

काकांनी बूच काढलं. वास घेतला. घोटभर चाखलं. चेहरा पडला.

"म्हणजे खरंच चहा?"

"खरंच, काका!"

ते मटकन स्टुलावर बसले.

"अहो, मी आमच्या हिला सांगून आलोय, मुलगा हिऱ्यासारखा आहे, फक्त सुधारायला हवा. दर महिन्याला मी स्वतः जाऊन त्याच्याबरोबर बसत जाईन!"

विनयने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग मान खाली घालून म्हणाला,

"काका, माझी दारू सुटायला वेळ लागेल."