लेकराचं पांढरं कापड

माझी लेक दिवस भरायच्या लई आधी जन्मली. आम्ही उदगीरचे, पण तिला लातूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेलं. नाकात नळी. मी काचेतून तिच्या छातीकडं बघत बसायचो. ती हलायची थांबली असं वाटलं की नर्सबाईंना हाक मारायचो.

त्या दिवशी नर्सबाई म्हणाल्या, "वजन वाढलं तर पाळण्यात घेऊ. अंथरायला-पांघरायला सुती कापड आणा. पांढरंच आणा, रंगाचं नको, कातडी नाजूक आहे." वाढलं तर! आणि न्हाई वाढलं तर?

बाजारात गेलो. दाढी वाढलेली, डोळे लाल. दुकानात सशा-हत्तींची दुपटी टांगली होती, तिकडं बघवेना. म्हटलं, "पांढरं सुती द्या."

"कशाला पाहिजे?"

"लेकराला..." पुढं आवाजच फुटेना.

दुकानदारानं माझ्या तोंडाकडं बघितलं. बसा म्हणाला न्हाई. खालच्या फळीवरचा तागा ओढला, टर्रकन कापड फाडलं, कागदात गुंडाळलं. खाली बघत म्हणाला, "काय द्यायचं ते द्या, भाऊ."

भाव न सांगता कापड कधी देतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक हाय. मयताच्या कापडाला कुणी घासाघीस करत न्हाई.

वाटलं, ह्याला माझ्याआधी कळलं का काय? खिशातला मोबाइल बघायची हिंमत होईना. आणि मग असा संताप आला!

"अहो, जिती हाय माझी लेक!" मी ओरडलोच. "पाळण्यात घालायचंय! ठेवा ते तिकडं, मलमल दाखवा. आणि भाव सांगा!"

बिचाऱ्यानं कान पकडले, तागे उलगडले. मी एकेक गालाला लावून बघितला. सगळ्यांत मऊ मलमल निवडली. त्यानं लाजून अगदी कमी भाव सांगितला.

"असं न्हाई. रोजच्या गिऱ्हाइकाला सांगता तसा सांगा."

त्यानं चढा सांगितला. मी निम्मा म्हटलं. तो म्हणाला, परवडत न्हाई. मी उठून पायरीपर्यंत गेलो, त्यानं हाक मारून परत बसवलं. डोळ्यांना धार लागली होती, तरी मी रुपया सोडेना. त्यानंही सोडू नये असंच वाटत होतं. घासाघीस चालू होती तोवर माझी लेक जिती होती.