रावजीचा दगड

खोटं बोललात तुम्ही. नुसतं बोलला असतात तर एक वेळ वाऱ्यावर सोडून दिलं असतं. तुम्ही ते गुळगुळीत कागदावर रंगीत छापलंत आणि घरोघर वाटलंत. हरडवणे इंग्लिश स्कूलचा सव्वाशे वर्षांचा इतिहास! पहिल्याच पानावर शाळेभोवतीच्या गडग्याचा फोटो, आणि खाली ओळ: 'सर्व जातींच्या लेकरांनी आपल्या हातांनी रचलेली समतेची भिंत.' तुमचं नाव मी घेत नाही. शाळा कमिटीच्या अध्यक्षाची खुर्ची उंच आहे, दुरूनही दिसते. आज दुपारी तारामती मोहिते यांना कोण भेटलं, तेवढं मुकाट्यानं ऐका.

तारामतीबाईंना तुम्ही ओळखता. बौद्धवाडीतून मॅट्रिक झालेली पहिली मुलगी, पुढं सरकारी दवाखान्यातली सिस्टर, आता सत्तरीच्या. आज संध्याकाळी तुम्ही त्यांना शाल-नारळ देणार आहात. आमंत्रण द्यायला स्वतः आलात, ओटीवर बसलात आणि म्हणालात, "बाई, चार शब्द बोला. या शाळेनं कधी भेद केला नाही, एवढं आलं म्हणजे झालं." चहा अर्धा ठेवून गेलात. कप विसळताना बाईंनी तो अर्धा चहा पाहिला.

तर आज जेवण झाल्यावर त्या पाय धुतात, टॉवेलनं कोरडे करतात आणि खाटेवर आडव्या होतात. खुर्चीवर इस्त्रीची जांभळी साडी ठेवलेली आहे. भाषणाचा कागद उशीखाली. काय बोलायचं ते अजून ठरत नाही. पंखा कुरकुरतो आहे. कुरकुर हळूहळू लांबते, तिला सूर येतो, आणि पाचवीची पोरं बेसूर प्रार्थना म्हणतायत तशी ती ऐकू यायला लागते.

"काय गो तारे, निजलीस व्हय?"

खाटेच्या पायथ्याशी दादा बसलेला आहे. रावजीदादा, बाईंचा थोरला भाऊ, आठ वर्षांपूर्वी वारलेला. डोक्याला टक्कल, नाकावर जाड चष्मा, आणि खाली शाळेची खाकी अर्धी चड्डी.

"दादा, हे काय घातलंयस?"

"शाळेत जायचं तर लुंगी लावून जाऊ? तुजा सत्कार हाय नव्हं?"

बाईंना हसू येतं. हसता हसता त्या पाहतात तर खाट नाहीच, लाकडी बाक आहे. समोर फळा आहे आणि फळ्याच्या जागी नदी वाहते आहे. दादा उतारावर बसून पाण्यात पाय हलवतो आहे.

"माजा दगड गावला का गो?" तो विचारतो.

हा प्रश्न बाईंना पाठ आहे. मुंबईहून मे महिन्यात दादा यायचा, पिशवी खाली ठेवायच्या आधी हेच विचारायचा, आणि सगळं घर हसायचं. दादाही हसायचा, पण विचारायचं सोडायचा नाही.

गोष्ट अशी. या गावात 'पोराला शाळेत घातलं का' असं कोणी विचारत नसे. 'दगड ठेवला का' असं विचारत. जूनमध्ये नव्या पोरानं घरून एक दगड आणायचा आणि शाळेच्या गडग्यावर आपल्या हातानं रचायचा. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. तो बसला की पोर शाळेचं झालं. खालच्या आळीची, सवर्णांची घरं नदीकाठी, त्यांचा दगड काळा. महारवाडी, म्हणजे आजची बौद्धवाडी, वर सड्याच्या उघड्या माळावर, तिथं सगळा तांबडा जांभा दगड. म्हणून वाडीतल्या पोरांचे दगड लालभडक. गडग्यात कोणाचा कुठला, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. दादानं तर खिळ्यानं आपल्या दगडावर 'र' कोरला होता.

दिवाळीची सुट्टी संपून पोरं परत आली, तेव्हा गडगा अखंड काळा झाला होता.

"मास्तर काय म्हनले, हाय ध्यानात?" दादा नाक दाबून मास्तरांचा आवाज काढतो. "'पावसात ढासळले रे, मोहिते!' म्हनलं, गुरुजी, पावसाला रंग कळतो?"

"मग?"

"मग काय? छडी. ती मात्र ढासळली नाय."

नदीचं पाणी पांढरं व्हायला लागतं. ती चादर आहे. दवाखान्यातला वॉर्ड आहे आणि दादा पलंगावर आहे, नाकात नळी, अंगात तीच खाकी चड्डी. बाई सवयीनं त्याची नाडी धरतात. नाडी लागत नाही. दादा मिस्कील बघतो.

"काय हुडकतेस? ती कवाच थांबली. दगड हुडक."

"कुठं हुडकू? सगळा गडगा तू पालथा घातलास. विहिरीत उतरलास. मास्तरांच्या परसात जाऊन आलास, त्यांचा कुत्रा चावला तुला."

"कुत्रा बरा गो. तोंडावर चावला." तो पलंगावरून उतरतो. "चल. पाय उचल. मी आठवीत शाळा सोडली, मंग तितं नवं काय बांदलं, ते मी बगितलंच नाय. तू बगितलंयस."

वॉर्डाच्या दारातून बाहेर पडावं तर शाळेची मागची बाजू. करवंदीची जाळी. तिच्या पलीकडं पत्र्याचा आडोसा, अर्धा मुलांचा, अर्धा मुलींचा. बाई थबकतात.

"दादा, ही तर मुतारी. इथं कशाला?"

"तू सांग. तू जात हुतीस."

"मुलींच्या बाजूला यायचं नाही हं तुम्ही!" बाई एकदम सिस्टरच्या आवाजात दरडावतात. दादा दोन्ही हात वर करतो, पाठ फिरवून उभा राहतो आणि पत्र्याला टेकून म्हणतो, "गेलो नाय. मी हितं हाय. तू बग."

बाई आत जातात. अनवाणीच. जमिनीवर पाय ठेवायला दगड बसवलेले आहेत, ओळीनं. शेवाळ धरलेलं आहे. त्या अंगठ्यानं शेवाळ घासतात. खालून लाल निघतं. दुसरा घासतात. लाल. कोणीतरी बाहेरून बोलतं आहे, कमिटीतल्या माणसाचा घसा खाकरल्यासारखा आवाज, चेहरा दिसत नाही: "जांभ्यावर पाय घसरत नाही. फुकट पडले आहेत, वापरून टाका." आणि चारचौघं मान डोलावतात, वा, काय काटकसर!

कोपऱ्यातल्या दगडाशी बाईंचा अंगठा खाचेत अडकतो. खाच वळते, मग तिरकी खाली उतरते.

"दादा." "दादा, इथं आहे रे."

पत्र्यापलीकडून दादा बोलतो, आणि या वेळी थट्टा नाही.

"म्हंजी शाळेनं ठेवला माजा दगड. फकस्त जागा बदलली." पुढं म्हणतो, "तू यावर पाय ठेवून मॅट्रिक झालीस, तारे. तुज्यावर राग नाय. तुला काय ठावं? पन संद्याकाळी काय बोलनार तितं?"

"तूच सांग."

"मी? मी मेलेला मानूस. मला शाल नाय आनि माइक बी नाय."

बाई आडोशाबाहेर धावतात. बाहेर कोणी नाही. सडा आहे, ऊन आहे, आणि खाकी चड्डीतला एक म्हातारा डोक्यावर दगड घेऊन उतारानं शाळेकडं निघाला आहे, पाठमोरा. त्या हाक मारतात. हाकेचा पंखा होतो. कुरकुर, कुरकुर.

तारामतीबाई जाग्या होतात. खुर्चीवर साडी तशीच. बाहेर तुम्ही पाठवलेली गाडी हॉर्न वाजवते आहे.

आणि आता त्यांना आठवतं. हे स्वप्नातलं नाही, जागेपणीचं. मुलींच्या बाजूला, कोपऱ्यात, खरंच एक खाचेचा दगड होता. पाचवीपासून त्या तिथं अनवाणी उभ्या राहायच्या आणि चाळा म्हणून अंगठा त्या खाचेतून फिरवायच्या. वर वळण, मग तिरकं खाली. रोज. भावाच्या नावाचं पहिलं अक्षर त्या पायानं गिरवत होत्या, आणि घरी भाऊ विचारत होता, गावला का गो?

मुतारी अजून तिथंच आहे. करवंदीनं गिळली आहे, पण आहे. पुढच्या आठवड्यात तुमचा जेसीबी तिथं गाड्यांसाठी जागा सपाट करणार, हेही तुम्हीच अर्धा चहा पिताना सांगितलंत.

बाई पाय खाली सोडतात आणि पाहतच राहतात. झोपायच्या आधी धुतलेले, कोरडे केलेले पाय. घरात सगळीकडं पांढरी फरशी. आणि दोन्ही तळव्यांना जांभ्याची लाल धूळ लागलेली, उजव्या अंगठ्याच्या नखात तर चिकटून बसलेली. चादरीवरही तिचा डाग आहे. हात लावला तर बोटाला येतो.

त्या मोरीकडं जात नाहीत. तशाच लाल पायांनी साडी नेसतात. भाषणाचा कागद उशीखालीच राहतो. कोपऱ्यातली पहार उचलतात आणि गाडीत बसताना ड्रायव्हरला सांगतात, "मांडवाकडं नको रे बाबा. शाळेच्या मागच्या बाजूला घे."

"बाई, साहेब वाट बघतायत."

"बघू देत. साठ वर्षं आम्ही बघितली."

तर साहेब, त्या निघाल्या आहेत. मांडवात येतील तेव्हा हातात नारळ घ्यायला जागा नसेल, हातात दगड असेल. माइक तुमचा, मांडव तुमचा, इतिहासही तुम्हीच छापलेला. मग सगळ्या गावासमोर सांगा: आमच्या पोरांचे दगड गडग्यातून काढून मुतारीत कोणाच्या हुकमानं बसवले? आणि रावजी मोहितेचा दगड गडग्यावर परत कोण रचणार, तुम्ही स्वतः, की पुन्हा पावसाचं नाव सांगणार?

बोला.